नाव न घेता

दूरदेशीच्या एका शेअर बाजाराचा काल सकाळचा आकडा.

गाडीच्या मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेली, पोटात मासे भरून भाजलेली रोटी, अजून कोमट.

आजोबा. मधपंज्या. जंगलाचा धनी. ‘अस्वल’ म्हणायचं ते घरात, दार लावून. जंगलात खरं नाव घेतलं की त्याला ती हाक वाटते.

मुठीएवढं भोक, आणि त्याच्या कडेला गोठलेलं पिवळट दव.

“फक्त दीड किलोमीटर आत,” ओस्सी म्हणाला आणि त्याने गाडी मोठ्या रस्त्यावरून लाकूडतोड्यांच्या वाटेला वळवली.

तुइरेने सुस्कारा टाकला. नवऱ्याचा हा खेळ तिला पाठ होता. बाजाराचा आकडा आणि तारीख यांचं गणित मांडलं की नकाशाच्या प्रत्येक चौकोनात रोज एक बिंदू पडतो. कुठेही पडतो, कुणाच्या परसात, तळ्याच्या मधोमध, दलदलीत. ओस्सीसारखी माणसं तिथवर जातात, फोटो काढतात आणि परत येतात.

“काय आहे तिथे?”

“काहीच नाही. म्हणून तर जायचं.”

“बाबा जेवायला थांबलेत.”

“तुझे बाबा माझ्यासाठी कधी थांबलेत? रोटीसाठी थांबतील.”

दुपारचे दोन वाजले होते आणि उजेड निळा पडायला लागला होता. पायांत स्की चढवून दोघं आत शिरली. ओस्सी पुढे, गळ्यात लाल पट्ट्याचं ते दिशा दाखवणारं यंत्र. तुइरे त्याच्या चाकोरीतून मागे. झाडं बर्फाने इतकी वाकली होती की कुठलं देवदार आणि कुठलं भूर्ज ते कळत नव्हतं. स्कीची करकर सोडली तर आवाज नाही. एक पाखरूसुद्धा नाही.

“तो बघ उंचवटा,” ओस्सी ओरडला. “बिंदू बरोबर त्याच्यावर पडलाय! फोटो झकास येणार.”

उंचवटा नव्हता तो. मुंग्यांचं जुनं, माणसाच्या कमरेएवढं वारूळ होतं, बर्फाने झाकलेलं. त्याच्या कुशीत मुठीएवढं भोक होतं. भोकातून वाफ येत होती. थांबत होती. पुन्हा येत होती.

लहानपणी वडिलांनी एकदा लांबून असंच भोक दाखवलं होतं, खालून पोखरलेल्या वारुळात हिवाळाभर झोपणाऱ्याच्या श्वासाचं. एक शब्द न बोलता तिचे खांदे धरून तिला मागे फिरवलं होतं.

“ओस्सी,” ती हलकेच म्हणाली. “थांब. आजोबा झोपलेत.”

तो वळून हसला. “तुझे आजोबा? अगं, त्यांच्या मातीला मी होतो की!”

“हळू बोल ना रे. आजोबा. मधपंज्या.”

“हे काय कोड्यात बोलतेस? भूक लागली असेल तर तसं सांग.”

तुर्कू शहराच्या बंदरात वाढलेला माणूस, जंगलातली ही नावं त्याच्या कानावरून कधी गेली नव्हती. एका शब्दाचं काम होतं. शाळेत तिने तो शंभरदा लिहिला होता, प्राणिसंग्रहालयात मोठ्याने वाचला होता. आता तिने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. त्याच्याच दारात उभं राहून त्याचं नाव कसं घ्यायचं?

“इकडे ये,” एवढंच तिला म्हणता आलं. “तुला माझी शपथ.”

“आलोच. एवढं शेवटचं.”

तो एक पाऊल पुढे सरकला आणि यंत्र वाजलं. बिंदू गाठला की ते वाजतंच, आणि बटण दाबेपर्यंत वाजत राहतं. ओस्सीने जाड हातमोज्याने बटण चाचपलं. सापडेना. त्याने पट्टा गळ्यातून काढला, दातांनी हातमोजा ओढला, आणि यंत्र निसटून वारुळावरून घसरत खाली आलं. भोकाच्या तोंडाशी थांबलं. वाजत राहिलं.

वाफ थांबली.

तुइरे वाट बघत राहिली. वाफ पुन्हा आली नाही.

ओस्सी तिच्याकडे बघून काहीतरी म्हणणार होता. तिचा चेहरा त्याला दिसला. मग ती बघत होती तिकडे त्याने पाहिलं, आणि त्याच्या दातांतला हातमोजा गळून पडला. तो यंत्राकडे वाकायला लागला.

“नको,” ती नुसत्या ओठांनी म्हणाली.

ती सरकत त्याच्या पाठीशी गेली. स्कीवर उभ्याउभ्या मागे फिरायचं तर खडखडाट होणार. तिने त्याचा कोट मागून मुठीत धरला आणि पाय न उचलता, आपल्याच चाकोरीतून, मागे सरकायला लागली. तोही सरकला. तिची छाती त्याच्या पाठीला टेकलेली. त्याच्या काळजाची धडधड तिला कोटातून जाणवत होती. चार पायांच्या एकाच जनावरासारखी ती दोघं मागे मागे जात राहिली, नजर वारुळावर. दोघांच्या तोंडूनही वाफ निघत नव्हती.

बर्फाच्या आत कुठल्यातरी जड अंगाने कूस बदलली. वारुळावरचा बर्फ मधोमध तडकला.

यंत्र वाजायचं बंद झालं.

मे महिन्यात ओस्सी सासऱ्यांना घेऊन यंत्र परत आणायला गेला, तेव्हा ते रिकाम्या वारुळाच्या आत, अगदी तळाशी, सुक्या शेवाळाच्या अंथरुणात मिळालं.