वाक्यात उपयोग करा

कुंभकोणमचे विजयराघवराव इंग्रजीचे मास्तर. बाहेर तमिळ, घरी मराठी आणि बायकोला मारताना इंग्रजी. लग्नाच्या पहिल्याच वर्षी गोमतीला 'टेपर'चा अर्थ सांगता आला नाही. इंग्रजीत अक्षरं पाच, म्हणून लोखंडी पट्टीचे फटके पाच, एकेका बोटावर एक. "टेपर म्हणजे हळूहळू कमी होत जाणं. आता वाक्यात उपयोग कर!" तिला वाक्य सुचेना, म्हणून पुन्हा पाच. करंगळी मोडली, ती वाकडीच राहिली. मार मात्र चाळीस वर्षांत हळूहळूसुद्धा कमी झाला नाही.

आता मास्तरांना दिसत नव्हतं. वर्षभर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांची नवी चिठ्ठी गोमती घेऊन आली.

"काय लिहिलंय गे? वाच, येत असेल तर."

गोमतीची वाकडी करंगळी चिठ्ठीवरून सरकत गेली आणि एका शब्दाखाली थांबली. तिनं मुकाट्यानं पाच अक्षरं मोजली.

"स्टॉप," ती म्हणाली.

"चाळीस वर्षांत एक शब्द तरी धड वाचलास!"

गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. आठवड्याच्या आत मास्तर गेले.

डॉक्टर तमिळमध्ये ओरडले, "अम्मा, मी 'टेपर' लिहिलं होतं! एकदम बंद केल्यावर माणूस जगतो का?"

गोमतीनं पदराखाली हात घेतला. "मला इंग्रजी येत नाही, डॉक्टर. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. हेच ओरडून सांगत असत."