डाव्या हाताची बटणं

"खिडकीचं चित्र आहे ना, ते बटण डाव्या अंगठ्यानं दाबून ठेवा, बाबा. आता व्ही मारा," सम्यक म्हणाला.

बुधाजींनी व्ही मारला. स्क्रीनवर सकाळचा पेपर उघडला.

"आयला!"

"वर्तमानपत्राचा व्ही. माऊसला हातच लावायचा नाही."

पार्टिशनच्या आत शैलाबाई भाकरी थापत होत्या. परळच्या त्या खोलीत बाहेर कुणी कूस बदलली तरी आत ऐकू यायचं.

उजवा हात थरथरायला लागल्यापासून बुधाजींना माऊस जमेना. बाण चित्रावर न्यावा, तर क्लिक करेपर्यंत तो भलतीकडेच पळालेला. मग हाक यायची, "शैला, जरा उघडून दे गं." कधी पेपर, कधी मेल, कधी नातीचे फोटो. पिठाचे हात धुऊन शैलाबाई यायच्या, क्लिक करायच्या आणि पुटपुटत परत जायच्या. शेवटी त्यांनीच अँटॉप हिलला फोन लावून मुलाला सांगितलं होतं, "रविवारी ये आणि तुझ्या बापाचं काहीतरी कर. मी काय ऑपरेटर आहे त्यांची?"

त्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज चालेना म्हणून सम्यकनेच लिनक्स टाकलं होतं. आता कीबोर्डच्या सेटिंगमध्ये तो एकेका प्रोग्रॅमचं नाव लिहीत होता, त्याखाली कमांड, आणि मग बटणांची जोडी. बटणं सगळी डाव्या हाताला येतील अशी.

"मेलला ई देत होतो, पण घेत नाही. ते आधीच दुसऱ्या कामाला दिलंय. टी चालेल? टपालाचा."

"चालेल की. टपालच ते."

बुधाजींनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने टी मारला. मेल उघडला. एफ मारला. फोटो उघडले, नात दात पडलेलं तोंड दाखवून हसत होती. बुधाजीही मोठ्याने हसले. बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा हसले.

शैलाबाईंना बरं वाटलं. पण बराच वेळ आपल्या नावाची हाक आली नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.

"आता रेकॉर्डर," सम्यक म्हणाला. "त्याला आर देऊन टाकू."

चाळीच्या मंडळात बुधाजी स्वतः रचलेली भीमगीतं गायचे. आठवतायत तोवर ती लॅपटॉपमध्ये भरून ठेवायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. रोज दुपारी एक गाणं.

"त्याला नको," बुधाजी म्हणाले.

"नको काय? तेच तर तुम्हाला रोज लागतं."

"नको म्हटलं ना. ते तुझी आई लावून देते."

"अहो, पण आता तुम्हाला एकट्यानं जमेल."

"जमेल रे." बुधाजींचा आवाज खाली आला. "पण बंद करायलाही तीच लागते ना. म्हणून गाणं संपेपर्यंत बसून राहते."

बटणांचा आवाज थांबला.

शैलाबाईंनी गॅस बंद केला. करपलेली भाकरी ताटलीत बाजूला काढली, हात धुतले, पदराला पुसले, आणि मग जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा कपाळाला आठ्या होत्या.

"झालं का बापलेकाचं? कुठलं गाणं आज ते लवकर सांगा. माझा स्वयंपाक पडलाय आत."

आणि खुर्ची ओढून, माऊसवर हात ठेवून, त्या ऐसपैस बसल्या.