चढ कुठून लागतो

सोनवणे मॅडमनी फळ्यावर डोंगरासारखी रेघ काढली. गोष्ट त्यांची सांगून झाली होती. अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक नाटक. लढाईत मेलेल्या भावाला कुणी माती द्यायची नाही, असा राजाचा हुकूम. थोरली बहीण धाकटीकडे मदत मागते. धाकटी घाबरून नाही म्हणते. थोरली जाऊन माती देते, पकडली जाते आणि शेवटी जिवाला मुकते.

"सांगा, संघर्षाचा चढ कुठून लागतो?"

शिरपूरच्या त्या कॉलेजात सोनलचा हा शेवटचा तास होता. तिच्या मराठीला मुलं हसायची, म्हणून जूनपासून ती गप्पच बसायची. परवा तिनं आईला फोन केला होता, मला घेऊन जा. म्हणून आई, चमेलीबाई, सातपुड्यातल्या पाड्यावरून तिला न्यायला आली होती. बाहेर ऊन फार, म्हणून मॅडमनी तिला मागच्या बाकावर बसवलं होतं.

"माती दिली तिथून," हितेंद्र म्हणाला. मॅडमनी चढावर खूण केली.

"नाही मॅडम." सोनल कधी उभी राहिली, तिलाच कळलं नाही. "त्याच्या आधी. बहीण नाही म्हणते तिथून."

"का गं?"

"तोवर दोघी होत्या. मग ती एकली पडली."

'एकली' ऐकून कुणीतरी फिस्सकन हसलं. सोनलचे कान तापले. पण ती खाली बसली नाही.

"एकलीच," ती मोठ्यानं म्हणाली. "राजाची भीती आधीपासून होती. पण घरचंच माणूस नाही म्हणालं, मग मागं फिरायला जागा राहिली नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं."

वर्ग गप्प झाला. मॅडम फळ्याकडे वळल्या. मग त्यांनी खूण पुसली, खाली चढाच्या पायथ्याशी नवी केली आणि शेजारी लिहिलं : एकली.

तास सुटल्यावर हितेंद्र वळून म्हणाला, "सोनल, उद्या नाटकाचं वाचन आहे. थोरली तू वाच."

सोनलनं आईकडे पाहिलं. चमेलीबाईला नाटक कळलं नव्हतं. वर्ग गप्प झालेला मात्र कळला होता. तिनं हो म्हणून मान हलवली.

संध्याकाळच्या गाडीत चमेलीबाई एकटीच चढली. कंडक्टर सकाळचाच होता; मुलीला आणायला चालले, असं तिनं त्याला सांगितलं होतं.

"मावशी, पोरले लेवाले गयथी ना? कोठे शे ती?"

"कॉलेजात शे."

"शिकस का?"

"शिकस." चमेलीबाईनं पदर सारखा केला. "आज मॅडमले बी शिकाडं तिनी."