पितृपक्षातली पेटी

१९६५ सालचा पितृपक्ष. लढाई सुरू होती. बाबाराव खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करत होते, आणि त्यांच्या इंदूचं मेडिकलच्या प्रवेशाचं पत्र काही येत नव्हतं. तरी तयारी असावी म्हणून तिने ओळखीच्या सीनियर दीदीकडून अभ्यासाच्या हाडांची पेटी आणली. नेमकं त्या दिवशी घरात श्राद्ध होतं.

"कोणाची हाडं म्हणावी ही?" आईने विचारलं.

"काय माहीत. बेवारस असंल कोणी."

आता पेटी बाहेर आणि डॉक्टरकीही, असं समजून इंदूने पेटी उचलली. आईने एक पान जास्त वाढलं.

"तुले शिकवून राहिला तो. उपाशी काहून ठेवायचा?"

पत्र दसऱ्याआधी आलं. इंदू डॉक्टर झाली, बाबाराव कारखान्यातूनच रिटायर झाले. आई गेली, तेव्हा तिच्याच इच्छेप्रमाणे तिला मेडिकल कॉलेजात पोहोचवलं, पोरांना शिकवायला.