‘हाक’वरचा पहिला फोन

“रविवारी दुपारी दोन ते चार कोण?” पाळकांनी विचारलं.

“कुणी नाही. त्या वेळी माणसं झोपतात, भाऊजी.” मेहुणी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली.

“मग माझं नाव लिही.”

“सोमवारी पहाटे तुम्ही, मंगळवारी तुम्ही, शुक्रवारी दोनदा तुम्ही. अहो, देवानेसुद्धा सातव्या दिवशी सुट्टी घेतली होती.”

पाळक हसले नाहीत. “लिही,” एवढंच म्हणाले.

प्रार्थनाघरामागच्या खोलीत घडीच्या खुर्च्यांच्या थप्प्या बाजूला सारून दोन टेबलं मांडली होती. ‘हाक’ ही चर्चच्या मंडळीची वेबसाइट संध्याकाळी सहाला सुरू व्हायची होती. उपदेशांचे व्हिडिओ, रोजचं वचन, प्रार्थनेच्या विनंत्या, सगळं तिच्यात होतंच. पण पाळकांचा जीव अडकला होता एका बटणात. ते दाबलं की फोन थेट या खोलीत वाजणार, नाहीतर ज्याची पाळी असेल त्याच्या घरी. मंडळीतले चौदा जण पाळ्या करायला तयार झाले होते. आठवड्यातला एक तासही रिकामा राहता कामा नये, यावर पाळक अडून बसले होते. सात महिने त्यांनी दुसरा विषय काढला नव्हता. मंडळीला वाटायचं, पाळकांना नवा हुरूप आलाय.

हुरूप नव्हता तो.

गेल्या वर्षी एका बुधवारी दुपारी, रंगकामाच्या बैठकीत, त्यांचा फोन थरथरला होता. पडद्यावर नाव होतं ‘वायरमन’. प्रार्थनाघराचं सगळं वायरिंग त्यानेच केलेलं. या खोलीतल्या बोर्डावर ‘पंखा’, ‘मागचा दिवा’ अशा त्याच्या तिरक्या अक्षरातल्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या होत्या. भला माणूस, पण एक वाक्य पुरं करायला त्याला पाच मिनिटं लागायची. फोनवर तर आधी नुसता श्वासच ऐकू यायचा. हा आता तास खाणार, असं पाळकांच्या मनात आलं आणि त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला. नंतर करू म्हणाले. संध्याकाळी ते डोक्यातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांनी वायरमनच्या खोलीचं दार फोडलं. त्याने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं होतं.

दफनाच्या वेळी त्याच्या आईने पाळकांचे हात धरले. त्या शिवणकाम करायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. “तुमचा त्याला फार आधार होता,” त्या म्हणाल्या. पाळकांनी मान हलवली. खरं काय ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. मावशी त्यानंतर उपासनेला आल्या नाहीत, आणि पाळकही त्यांच्या गल्लीतून जायचं टाळू लागले.

तेव्हापासून तो फोन त्यांची पाठ सोडत नव्हता. उपासनेत गाणं टिपेला पोचलं की त्याच्या खालून रिंग ऐकू यायची. खिशात फोन नसतानाही मांडीवर थरथर जाणवायची. जेवताना हातातला घास ताटात ठेवून ते उठायचे. “अहो, वाजला नाही,” बायको म्हणायची. तरी ते जाऊन बघून यायचे.

सहा वाजले. खोलीत वीसेक माणसं दाटीवाटीने उभी राहिली. प्रार्थना झाली. मेहुणीने कळ दाबली. “झालं सुरू,” ती म्हणाली. टाळ्या वाजल्या, चहाचे कप फिरू लागले.

आणि फोन वाजला.

“बघा, पहिली हाक!” कुणीतरी ओरडलं. पाळक पुढे झाले. पडद्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तो नंबर त्यांना तोंडपाठ होता. वायरमनचा.

दुसरी रिंग झाली. तिसरी झाली.

“भाऊजी, उचला की,” मेहुणी कुजबुजली.

त्यांनी हेडफोन कानाला लावला.

“मावशी बोलतेय,” पलीकडून आवाज आला. “त्याचाच फोन वापरते मी. टाकून देववेना.”

खोलीत सगळे ऐकत होते, तरी पाळकांच्या तोंडून निघून गेलं. “मावशी, त्या दिवशी त्याने मला फोन केला होता. मी पाहिला. मुद्दाम उचलला नाही.”

हातातले कप जिथल्या तिथे राहिले.

“माहीत आहे,” मावशी म्हणाल्या. “फोनात दिसतं. तीन वाजून दहा मिनिटांनी. वर्षभर बघतेय.”

“मला क्षमा करा...”

“क्षमेचं नंतर बघू. त्यासाठी नाही केला मी फोन. तुमच्या नावाच्या वर आणखी एक नाव आहे. त्याबद्दल मला कुणी विचारलंच नाही.”

“कुणाचं?”

“माझं. तुमच्यानंतर त्याने मला केला. मी पहिल्याच रिंगला उचलला.”

पाळक सवयीने प्रार्थनेचे शब्द जुळवू लागले. “प्रभू आपल्या दुःखात...”

“थांबा. आधी ऐका.”

पाळक खुर्चीत बसले. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. त्यांनी हेडफोन कानाशी घट्ट धरला.

“शिलाईमशीनचा पट्टा तुटला होता, ते सांगितलं त्याला,” मावशी म्हणाल्या. “मग शेजारणीने भांडण काढलं होतं, ते. मग माझ्या गुडघ्याचं. जेवलास का, विचारलं, आणि तो काही म्हणायच्या आत, वेळेवर जेवत जा, तेही सांगून टाकलं. आठ मिनिटं चालला फोन, पाळकसाहेब. आठही मिनिटं मीच बोलले.”