वाडीच्या शाळेचा पट

भाकरीचं टोपलं डोक्यावर घेऊन ठकुबाई भाताच्या बेणणीला, तण काढायला, निघाली होती. मागं धाकटी भिमा, आणि तान्ह्या भावाला कडेवर घेतलेली थोरली सखू. भैरोबाच्या देवळाशी येताच ठकुबाईचं पाऊल थबकलं. वाडीची शाळा त्या देवळातच भरायची. आज भोरहून संस्थानचे दिपोटी, शाळा तपासणारे साहेब, आले होते.

"शेजारच्या उत्रोलीच्या शाळेचा पट तुमच्या तिप्पट आहे, मास्तर," दिपोटी म्हणत होते. "निकालही चांगला. ही शाळा तिकडंच मिसळावी, असं मी लिहिणार आहे."

नारायण मास्तर खाली मान घालून उभे होते. केस पार पिकले होते त्यांचे. ठकुबाई त्यांच्यापुढं बसायची तेव्हा ते काळेभोर होते. खांबाजवळची आपली जागा तिनं नजरेनंच शोधली. साऱ्या शाळेत ती एकटीच मुलगी. ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीचा तो वास! मास्तरांनी हात धरून गिरवून घेतलेला पहिला 'ठ'! मग वाडीतच लग्न ठरलं नि शाळा सुटली.

कशी कोण जाणे, ती पायरीपाशी गेली.

"सायब, पटात पोरी धरत्यात का?"

दिपोटींनी वळून पाहिलं. "धरतो की. पण पाठवतं कोण?"

"या दोगी घ्या मांडून. शेजारच्या बाळाबाईच्या बी दोन हायेत, तिला म्या सांगते."

"आज नाव घालायचं आणि उद्या गुरांमागं धाडायचं, तसं नको," दिपोटींनी सखूकडं बोट केलं. "आणि ही शिकणार, की पोर सांभाळणार?"

सखू बाळाला बघायची म्हणून तर ठकुबाईला चिखलात उतरता येत होतं. तिनं टोपलं खाली ठेवलं आणि सखूच्या कडेवरचं पोर आपल्या कडेवर घेतलं.

"आये, आन् बेणणी?" सखूनं विचारलं.

"ती म्या बगंन. जा, भिमाला घिऊन खांबापाशी बस."

मास्तरांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"दिवाळीपर्यंत थांबतो," दिपोटी म्हणाले. "पण बाई, नुसत्या पटानं भागत नाही. निकाल?"

"आदी शिकू तर द्या, सायब."

टोपलं पुन्हा डोक्यावर चढवून ती शेताच्या वाटेला लागली. मागं पोरांनी अकराचा पाढा धरला. तिचे ओठ आपसूक हलू लागले. अकरा संपला, बारा सुरू झाला. तो शिकायच्या आधीच तिची शाळा सुटली होती.

खाचरातून बाया हाका मारत होत्या. रडणाऱ्या तान्ह्याला थोपटत ठकुबाई बांधावर बाराचा पाढा ऐकत उभी राहिली.