खात्रीचं गॅरेज

“इथं नको,” म्हणत मी जीप परत रस्त्यावर घेतली. “त्या मिस्त्रीचे हात बघितलेस? ग्रीसचा एक डाग नाही. हा काय इंजिन उतरवणार!”

आई मागे बसली होती. माझे वडील, अण्णा, गेल्यावर त्यांच्या जीपचं डिझेल इंजिन काढून बॅटरीवरची मोटर बसवायची, हे तिनेच सुचवलं होतं. त्याला वर्ष झालं, पण खात्रीचं गॅरेज काही सापडत नव्हतं. कुणी फार बोलायचा, कुणी बॉनेट धाडकन आपटायचा.

कुपवाडच्या मुल्लाणी मिस्त्रींकडे मात्र खोट सापडेना. त्यांनी आधी बॅटरीवर केलेली एक गाडी चालवायला दिली, तिच्या मालकाशी फोनवर बोलायला लावलं. तरी माझं मन होईना. मी जीप चालू करून म्हणालो, “ऐका, इंजिन अजून कसं ठणठणीत आहे. हा आवाज आला की गल्लीला कळायचं, अण्णा आले. राहू दे, नंतर बघू.”

आई खाली उतरली.

“आजच काढा, मिस्त्री.” मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, “हा आवाज वळणावर आला की तुला आतल्या खोलीत निजवून मी कडी घालायचे. मार खाताना ओरडले तर तू उठशील, म्हणून पदर दातात धरायचे. अजूनही हा आवाज आला की माझा हात कडीकडे जातो.”

वर्षभर रोज संध्याकाळी मीच ती जीप गल्लीत आणत होतो.

इंजिन सुरूच होतं. मी घाईने किल्ली फिरवली.